पेडलमधून बोलणारा भाऊ

रविवारी सकाळी दहालाच दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बैठकीच्या खोलीत चाळीसएक माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, तिघं खिडकीच्या कट्ट्यावर चढली होती, आणि उरलेल्यांनी जिन्यावर माना उंच करून ठेवल्या होत्या. सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीकडे. तिथे स्टँडवर एक लाल इलेक्ट्रिक गिटार उभी होती. तिच्यातून निघालेली केबल जमिनीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात शिरली होती आणि डब्यातून निघालेली दुसरी केबल एका काळ्या स्पीकरमध्ये. गिटारला कुणी हात लावत नव्हतं. लावणारा दोन महिन्यांपूर्वी गेला होता.

"विज्ञानानं आता मान्य केलंय," नादबाबांनी डोळे मिटून सुरुवात केली. कोणत्या विज्ञानानं, कधी, कुठे, हे ते कधीच सांगत नसत. "माणूस म्हणजे तरंग. शरीर जातं, तरंग राहतो. तो भटकतो, तळमळतो. त्याला उतरायला जागा लागते. ज्या वस्तूवर त्याचा जीव, त्या वस्तूत तो उतरतो. याला क्वांटम म्हणतात. क्वांटम!"

क्वांटम म्हणजे काय हे त्या खोलीत एकालाही माहीत नव्हतं, आणि त्या एकात नादबाबाही आले. पण शब्द असा दणक्यात पडला की पुढच्या ओळीतल्या दोन बायकांनी हात जोडले.

बाबा वाकले. त्यांनी डब्यावरचं बटण अंगठ्यानं दाबलं आणि पितळी घंटा तीनदा जोरात वाजवली. स्पीकर गुणगुणला, खरखरला, आणि त्या खरखरीतून फाटका, घोगरा आवाज आला.

"मी... आलोय..."

गेलेल्या माणसाच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, तोंडावर पदर धरला. खोलीतून एक सुस्कारा फिरला.

"डाव्या गुडघ्यावरची खूण आठव... सायकलवरून पडलो होतो..."

वहिनींना राहवलं नाही. त्या पुढे धावल्या आणि त्यांनी तो पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी कवटाळला. त्यासरशी आवाज एकदम खाली बसला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"हात नको!" बाबा ओरडले. "आत्म्याला भार सोसत नाही."

वहिनींनी दचकून हात काढले. आवाज पुन्हा वर आला. "ते थेंब डोळ्यांत घालू नकोस... त्यांनीच अंधार येतोय... नादजल घाल..."

नादजल म्हणजे स्पीकरसमोर तासभर ठेवलेली पाण्याची बाटली. बाबांचं म्हणणं असं की आवाजाचे तरंग त्यात विरघळतात.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होत्या कानवाल्या बाई, म्हणजे गेलेल्या माणसाची धाकटी बहीण. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं श्रवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं, म्हणून गावानं त्यांना हे नाव दिलं होतं. पोटासाठी कानातली यंत्रं, आणि हौसेसाठी गिटारची पेडल. गिटारवाले पायाखाली ठेवतात ती छोटी पेटी. बटण दाबलं की साधा सूर गुरगुरतो, कण्हतो, फाटतो. बाईंनी अशी तीस-चाळीस पेडल घरी जेवणाच्या टेबलावर बसून बनवली होती आणि त्याच्या दुप्पट दुरुस्त केली होती. समोरचा तो पत्र्याचा डबाही त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी भावासाठी केला होता.

पहिल्या रविवारी तो आवाज ऐकून बाईंनाही तो भाऊच वाटला होता. त्या घरी जाऊन बाथरूमचं दार लावून पोटभर रडल्या होत्या. पण आज तिसरा रविवार होता, आणि आज त्यांचं लक्ष आवाजापेक्षा वहिनींच्या हातांवर होतं. हात लावला की आवाज खाली. हात काढला की वर. आत्म्याचं माहीत नाही, पण पत्र्याचं असं का होतं ते बाईंना पक्कं माहीत होतं.

गर्दी पांगल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"वहिनी, थेंब खरंच बंद केलेत?"

"चौदा दिवस झाले." वहिनी कपबशा विसळत होत्या. "आणि बरं वाटतंय, वन्सं. डोळ्यांची जळजळ थांबलीय."

"जळजळ थेंबांनी व्हायची, ती थांबणारच. पण तुम्हाला काचबिंदू आहे. आतला दाब वाढला तर दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं खात जातो. आणि गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांनीही सांगितलं." वहिनींनी नळ बंद केला. "दोघांत मी कुणाचं ऐकू? वीस वर्षं ज्यांच्याशी संसार केला त्यांचंच ना?"

"तो दादाच आहे कशावरून?"

"गुडघ्यावरची खूण गावातल्या कुणाला ठाऊक होती?" वहिनींचा आवाज चढला. "तुम्हाला तुमचा भाऊ नकोय का? सरळ सांगा तसं."

पटवून द्यायला बाईंच्या हातात काही नव्हतं. हातात काहीतरी हवं होतं.

"डब्याचं बटण करकरतंय," त्या म्हणाल्या. "एखाद दिवशी बंदच पडेल. मी नीट करून आणते."

वहिनींनी डबा एका टॉवेलात गुंडाळला, लहान मुलाला गुंडाळावं तसा. "रविवारच्या आत परत द्या. आणि आतलं काही हलवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बाईंनी डबा टेबलावर पालथा घातला. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तरी त्यांना अकरा वर्षांपूर्वीची दुपार आठवत होती. पहिल्यांदा ते पेडल नुसत्या लाकडी पाटीवर जोडलं होतं. दादानं बटण दाबलं, आणि गिटारच्या सुरांबरोबर स्पीकरमधून चक्क रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या येऊ लागल्या. दादा हसून हसून खुर्चीतून घसरला होता. "अगं, हे पाऊस सांगतंय!" मग बाईंनी पुस्तकं चाळून कारण शोधलं होतं. लांब केबल एरियलचं काम करते. आत ट्रान्झिस्टर असतो, तो आवाज फाडता फाडता रेडिओच्या लहरीतला आवाजही मोकळा करतो. उपाय सोपा होता. सगळं पत्र्याच्या डब्यात बंद करायचं, डबा अर्थच्या तारेनं जोडायचा, म्हणजे पत्रा बाहेरच्या लहरी अडवतो. आणि तोंडाशी एक बारीक कपॅसिटर लावायचा, चुकार लहरी तिथेच जिरवायला. त्यानंतर दहा वर्षांत त्या डब्यानं कधी बातम्या दिल्या नव्हत्या.

मग आत्ताच तो बोलायला का लागला?

चार स्क्रू निघाले. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं.

ज्यानं हयातभर सोल्डरिंग केलंय, कथील वितळवून तारा जोडल्यात, त्याला आपला टाका ओळखू येतो, शिंप्याला आपली शिवण ओळखू यावी तसा. बाईंचे टाके बारीक, टोकदार, तिळाएवढे. आणि त्यांच्यामध्ये एका जागी वाटाण्याएवढा ओबडधोबड गोळा बसला होता, भोवती करपल्याचा तपकिरी डाग. त्या गोळ्यातून वीतभर जास्तीची तार निघून डब्याच्या कडेनं गुंडाळली होती. ती तार बाईंची नव्हती. तोंडाशी लावलेला कपॅसिटर नव्हता. त्याचे कापलेले दोन पाय तेवढे उरले होते. आणि अर्थची तार पक्कडीनं कुणीतरी कचकन तोडली होती.

बाई मागे टेकल्या. हा डबा दुसऱ्याच्या हाती गेला होता तो एकदाच. दादा गेल्यावर महिन्याभरानं एक दाढीवाला माणूस सांत्वनाला आला होता. "आम्ही एकत्र वाजवायचो," असं सांगून दोन तास बसला, वहिनींबरोबर रडला, जुन्या आठवणी काढता काढता घरातल्या बारीकसारीक गोष्टी काढून घेतल्या. जाताना म्हणाला, दादांच्या आठवणीत कार्यक्रम करतोय, पेडल आठ दिवस द्या. कार्यक्रमाचं आमंत्रण काही आलं नाही. डबा मात्र परत आला, आणि पाठोपाठ नादबाबा आले. दाढीवाल्याला मात्र त्यानंतर कुणी पाहिलं नव्हतं.

बाईंनी उघडा डबा तसाच उचलला आणि वहिनींकडे नेला. वहिनींनी आत एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"मला त्यातलं काय कळतंय? ती तार तुम्हीच जोडली असेल, विसरला असाल."

"वहिनी, मी माझं काम विसरत नाही."

"मग आता तोडा ती तार, आणि ते बोलायचे थांबले तर काय करू मी? सांगा ना!"

बाई डबा घेऊन परत फिरल्या. जिना उतरताना त्यांना संताप आला होता, पण त्या संतापात एक गोष्ट स्वच्छ कळत होती. नुसता डबा दाखवून भागायचं नाही. बाबा म्हणतील, हिनंच तारा घातल्या. नुसता डबा दुरुस्त करूनही भागायचं नाही. बाबा म्हणतील, अपवित्र हात लागला, आत्मा रुसला. या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला आधीच तयार केलेली पळवाट असणार. तेव्हा पळवाट उरणार नाही असं काहीतरी करायला हवं होतं.

त्यांनी दादाचा डबा पूर्वीसारखा केला. अर्थची तार जोडली, नवा कपॅसिटर बसवला, ती परकी तार काढून पाकिटात ठेवली. मग किराणा दुकानातून एक गुलाबी प्लॅस्टिकची साबणाची डबी आणली. ड्रॉवरमधले सुटे भाग काढले आणि दोन दुपारी बसून त्याच नकाशाचं दुसरं पेडल त्या डबीत बसवलं. पत्रा नाही, अर्थ नाही, कपॅसिटर नाही. केबलीऐवजी हातभर तार. स्पीकर म्हणून श्रवणयंत्र तपासायचा, बॅटरीवर चालणारा छोटा भोंगा. रस्त्यावरच्या कुठल्याही लहरीला या, बसा म्हणणारी अशी ती डबी झाली.

पुढच्या रविवारी गर्दी आणखी वाढली होती. खालच्या मजल्यावरचे निवृत्त टपालवाले काकाही या वेळी आले होते. बाबांनी तरंग सांगितले, क्वांटम सांगितलं, बटण दाबलं, घंटा तीनदा वाजवली.

स्पीकर गुणगुणला. बस्स.

बाबांनी पुन्हा घंटा वाजवली. पुन्हा नुसती गुणगुण. वहिनींचा चेहरा उतरत चालला.

"इथे कुणीतरी अश्रद्ध बसलंय," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "त्याच्या विषारी तरंगांनी वाट अडवलीय."

"बसलेली नाही, उभी आहे," स्वयंपाकघराच्या दारातून बाई म्हणाल्या. "आणि वाट मीच अडवलीय. कुणीतरी तोडलेली तार परत जोडून."

खोलीभर कुजबुज झाली. बाईंनी पिशवीतून गुलाबी डबी काढली, तार मोकळी सोडली आणि बटण दाबलं.

"...आलोय... रडू नकोस... माझा हात तुझ्या डोक्यावर आहे..."

तोच आवाज. मग टपालवाले काका खाकरले. "बाई, तुमचे दादा साबणाच्या डबीत कसे काय आले?"

"तेच विचारतेय मी. या डबीला दादानं कधी हात लावला नाही. ही गुरुवारी जन्माला आलीय."

बाबांनी डोळे उघडले. क्षणभर ते गडबडले, पण क्षणभरच. "पाहिलंत?" ते गरजले. "बहिणीची माया! तिच्या नकळत तिनं भावाला बोलावलं! आत्म्याला काय डबी आणि काय डबा!"

आणि गंमत बघा, लोकांना ते पटलं. दोन-चार माना डोलल्या. एका बाईनं तर त्या साबणाच्या डबीलाही हात जोडले. पण हेही कानवाल्या बाईंनी धरलंच होतं.

"माझी माया नको. काका, तुम्ही धरा." त्यांनी डबी काकांच्या हातात दिली. डबी बोलतच राहिली. "आता दारापर्यंत चाला."

काका चालले. आवाज थोडा वाढला. "जिन्यात चला." आणखी वाढला. आता खोलीतली माणसं उठून मागे निघाली. बाबा म्हणत होते, "बसा, बसा, नादभंग होईल," पण लोकांच्या डोक्यात एकदा का पुढे काय होतंय हे शिरलं की त्यांना कोण बसवणार?

रस्त्यावर आल्यावर काका उजवीकडे, शिंप्याच्या दुकानाकडे वळले. आवाज बारीक झाला. डावीकडे वळले. आवाज फुगला. मुलं लपवलेली वस्तू शोधताना 'जवळ, लांब' खेळतात, तसा तो सगळा जमाव डबीच्या मागे सरकत होता. "...नादजल सोडू नकोस... बाबांचं ऐक..." डबी सांगत होती. झाडाखाली एक राखाडी व्हॅन उभी होती, काचांना आतून पडदे. काका तिच्या शेजारी पोचले आणि भोंग्यातून अशी कर्कश शीळ निघाली की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

आणि मग दादाचा आत्मा म्हणाला, "हॅलो? हॅलो? च्यायला, शिट्टी कुठून येतेय?"

हे शब्द डबीतून आले आणि त्याच क्षणी व्हॅनच्या आतूनही आले.

काकांनी दार सरकवलं. आत, मांडीवर माईक आणि शेजारी दिवे लुकलुकणारी पेटी घेऊन दाढीवाला बसला होता. दादाचा जुना दोस्त. त्याच्या गुडघ्यावर वहीचं पान होतं. बाईंनी ते ओढून मोठ्यानं वाचलं. "डावा गुडघा, सायकल. बायको डोळ्यांत थेंब घालते. रडली तर: रडू नकोस, माझा हात तुझ्या डोक्यावर आहे."

कुणी हसलं नाही. मघाशी डबीला हात जोडणारी बाई सर्वांच्या पुढे येऊन दाढीवाल्याला म्हणाली, "माझी आई पण तूच होतास का रे? मागच्या महिन्यात?"

त्यानं माईक बाजूला ठेवला.

बाईंनी तिथेच, व्हॅनच्या पायरीवर डबी ठेवून सगळं समजावलं. "ही पेटी म्हणजे चिमुकलं रेडिओ केंद्र. घंटा ऐकली की हा बोलायला लागायचा. डब्यातली संरक्षक तार तोडली, आत एरियल घातलं, की डब्याचा रेडिओ होतो. वहिनी हात लावायच्या तेव्हा आवाज बसायचा, कारण आपलं शरीरही त्या लहरी ओढून घेतं. माईकजवळ भोंगा आला की शीळ घुमते, ती तुम्ही कुठल्याही सभेत ऐकली असेल."

"पण आवाज तर दादांचाच वाटायचा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हे पेडल आवाज फाडायलाच बनवलेलं असतं. त्यातून तुम्ही बोललात तरी दादा वाटाल. माझ्या दुकानात मी कान तपासते. अर्धवट, खरखरीत शब्द ऐकवले की ज्याच्या मनात जे आहे तेच त्याला ऐकू येतं. मलाही पहिल्या दिवशी दादाच ऐकू आला होता."

बाबा मागच्या जिन्यानं निघाले होते, त्यांना जिन्यातल्याच माणसांनी अडवलं. पोलीस आले. बाबांनी पोलिसांनाही क्वांटम सांगून पाहिलं.

बाई वर गेल्या तेव्हा वहिनी खिडकीशी होत्या. त्यांनी सगळं वरून पाहिलं होतं.

"झालं समाधान?" त्या वळल्या नाहीत. "एकदा दवाखान्यानं नेलं त्यांना. आज तुम्ही नेलंत."

बाईंना वाटलं होतं वहिनी गळ्यात पडून रडतील, निदान 'बरं झालं' म्हणतील. तसं काही झालं नाही. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय," एवढंच बाई म्हणाल्या. "माझ्याशी बोलू नका हवं तर. पण चला."

डॉक्टरांनी दाब मोजला आणि नजरेची कड तपासली. डाव्या डोळ्याची नाकाकडची कड गेली होती. "गेली ती गेली," ते म्हणाले. "आणखी महिनाभर थांबला असतात तर बरंच जास्त गेलं असतं. उरलंय ते सांभाळू." त्या दिवसापासून थेंब पुन्हा सुरू झाले.

दोन महिने गेले. एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. हातात दादाचा डबा होता.

"उघडा," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी बघितलं नव्हतं. आता दाखवा."

बाईंनी स्क्रू काढले. पाकिटातली परकी तार टेबलावर ठेवली. वहिनींनी मान थोडी डावीकडे वळवून, उरलेल्या नजरेनं, भिंग लावून एकेक टाका पाहिला. हा कुणाचा, तो कशाला, ही तार कुठून कुठे जाते, असं विचारत राहिल्या. तासाभरानं त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "वीतभर तार. मी पदवीपर्यंत शिकलेय वन्सं, आणि मी विचारलं नाही हो, की आत काय आहे."

"तुम्ही दुःखात होतात."

"दुःखात होते म्हणूनच तो माझ्याकडे आला. ज्याला काही दुःख नाही त्याच्याकडे हे लोक कशाला जातील?"

आता नादबाबांसारखं कुणी कुठल्या घरी शिरलंय असं कानावर आलं की वहिनी स्वतः तिथे जातात. भाषण करत नाहीत. त्या घरातल्या बाईशेजारी बसतात, आपल्या डोळ्याचं सांगतात आणि शेवटी एवढंच म्हणतात: "रडावंसं वाटतं तोवर रडा, त्यात लाज नाही. पण औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका, मेलेल्याच्याही नाही. आणि तो आवाज ज्या पेटीतून येतो ती पेटी उघडून दाखवा म्हणा, तुमच्या घरात, तुमच्या देखत, तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीसमोर. तो उघडू देणार नाही. मग त्याला दारापर्यंत सोडून या आणि कडी लावून घ्या."